दुधाला वास लागतो

आमच्या गावात कोन कसा खोकतो हे मी डोळे झाकून सांगतो. सांगतो काय, करूनच दाखवतो. दूध सोसायटीच्या सेक्रेटरीचा खोकला म्हंजी थंडीतला टॅक्टर. आधी नुसता घरघरतो, मंग एकदम धडधडतो, आन बंद पडला की सेक्रेटरी शांतपनी म्हनतो, "हं, बोला." रिटायर गुरुजींचा खोकला हजेरी घेतल्यावानी. एकेक, मदी थांबून थांबून, जनू पोरानं 'हजर' म्हनायची वाट बघायलेत. आन शेळ्यावाला म्हातारा खोकला की त्याच्या बसलेल्या शेळ्या उठून उभ्या ऱ्हात्यात. त्यास्नी वाटतं, निघायचं झालं.

हे सगळे खोकले मी एकाच खोलीत शिकलो. केजच्या रस्त्याला लागून दूध सोसायटीची पत्र्याची खोली हाय, तिथं माझी माय कामाला व्हती. गावाचं दूध आलं की त्याचा फॅट काढायचा, म्हंजी दुधात चरबी किती हाय ते मशीनवर बघायचं, आन तसा भाव लावायचा. बारावीपोत शिकलेली, हात साफ, नजर साफ. लोक तिला फॅटबाई म्हनायचे. माय अंगानं तुरीच्या काडीवानी. ती म्हनायची, "माझ्या नावात तरी चरबी हाय."

संध्याकाळी घरी आली की म्हनायची, "आज कोनाचा आनला रे?" मंग मी एकेकाचा खोकला करायचो. ती पदर तोंडात कोंबून हसायची, कारन भिंतीपलीकडं चुलत्याचं घर व्हतं आन चुलता बी त्याच यादीत व्हता. एकदा म्हनली, "माझा कसा हाय ते कर की."

"तुला खोकलाच न्हाई."

"मंग बरं हाय," म्हनली आन भाकरी थापाय लागली.

आता त्या खोलीबद्दल सांगतो. तिला एक खिडकी व्हती आन एक शटर. खिडकी कायम बंद. कावून? तर वजनकाट्यावरचा आकडा वाऱ्यानं नाचतो. आन आमच्याकडं वारा आला की एकटा येत न्हाई, अर्धं रान घेऊन येतो. दुधात माती पडली की केजच्या सेंटरवाले दूध परत लावत्यात. म्हून खिडकी बंद आन शटर बी अर्ध्यावर वढलेलं. दूध घेऊन यायचं ते कमरेत वाकून, देवळात शिरल्यावानी. आत आलेला गडी दूध मोजून झालं तरी लगेच जायचा न्हाई. कडेच्या भिंतीला पोत्यावर टेकायचा आन विडीचं बंडल काढायचा. एकानं काढलं की एक दुसऱ्याला द्यायची. दुसऱ्यानं घेतली न्हाई तर भांडन हाय का आपलं, असं इचारत्यात. म्हून सगळे घ्यायचे. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास त्या खोलीत माती यायची न्हाई आन धूर जायचा न्हाई.

मायच्या लुगड्याला, केसाला, डब्याला विडीचा वास. घरी आली की मी म्हनायचो, "आले का विडी सोसायटीचे चेअरमन?"

ती तिथं कवाच काय बोलली न्हाई. त्याचं कारन गावात सगळ्यास्नी ठाऊक व्हतं आन कुनी बोलत नव्हतं. आमी विहाराकडल्या वस्तीतले. आमच्या वस्तीतल्या बाईनं सगळ्या गावाच्या दुधात हात घालायचा, हे काही जनाला पचलं नव्हतं. दोघं-तिघं दूध दुसऱ्या गावाला घालाय लागले व्हते. सेक्रेटरीनं मात्र मीटिंगमदी सांगितलं, "फॅट बघायला डोळे लागत्यात, जात न्हाई. ताईच बसंल." तो मानूस विडीबिगर एक वाक्य बोलू शकत न्हाई, पन ते वाक्य त्यानं बोललं. मायनं ते जन्मभर धरून ठेवलं. असल्या मानसाला 'बाहेर जाऊन वढा' कसं म्हनायचं?

एकदा मात्र खोलीतला धूर बंद झालता. मायमुळं न्हाई, दुधामुळं.

केजच्या सेंटरवरून एका दिवशी आमच्या गावाचं सगळं दूध परत आलं. तिथला वास घेनारा मानूस झाकन काढून नाक लावतो आन सांगतो, चांगलं का न्हाई. त्यानं सांगितलं, दुधाला विडीचा वास लागलाय. दूध म्हंजी लई हलकं मन. शेजारी कांदा ठिवला तरी वास घेतं. सोसायटीत कल्ला झाला. त्याच दिवशी सेक्रेटरीनं पेंटरकडून पत्र्याची पाटी करून आनली आन काट्याच्या वर टांगली: 'आत विडी ओढू नये. दुधाला वास लागतो.'

आन काय सांगू, गाव ऐकलं! शेळ्यावाला म्हातारा सुद्धा. शटरच्या बाहेर बाभळीखाली सगळे उकिडवे बसून फुकाय लागले. कुनी चुकून आत पेटवली तर बाकीचे वरडायचे, "ए बे, दूध हाय न्हाई का!" आन तो जीभ चावायचा. मला त्या पाटीची लई गंमत वाटायची. माय तिथं किती वर्सं बसलीती, तिला वास लागतो हे कुनाच्या नाकाला कळलं नव्हतं. मायला तसं म्हनलं तर ती म्हनली, "दुधाच्या पुन्याईनं का व्हईना, सुटले की." त्या दिवसात ती घरी येताना विहाराचा चढ न थांबता चढायची. तवा मला त्यात काय इशेष वाटलं न्हाई.

मंग दुष्काळ आला. आला म्हंजी, गेलाच नव्हता. एक पावसाळा कोरडा, त्याच्या फुडचा बी कोरडा. बोअर आधी खारट झाले, मंग गप झाले. टँकर यायला लागला. म्हशी आटल्या. आधी लोकांनी भाकड इकल्या, मंग दुभत्या. दुधाच्या घागरी कमी व्हत व्हत एक दिवस काट्यावर कुनीच आलं न्हाई. मायनं मशीन पुसलं, फडकं घातलं आन तशीच बसून ऱ्हायली.

पन खोली बंद झाली न्हाई. गावाबाहेर जनावरांची छावनी लागली आन ती आमच्या सोसायटीकडं आली. चाऱ्याच्या पावत्या फाडायचं काम त्याच खोलीत, मायच्याच टेबलावर. आता दूध नव्हतं, म्हून मानसं सकाळ-संध्याकाळ यायची न्हाईत, दिवसभर यायची. रानात काम न्हाई, घरात पानी न्हाई. बायका टँकरच्या रांगेत, जनावरं छावनीत, आन गडी सगळे सोसायटीत. पावत्या उडू नयेत म्हून खिडकी बंदच. पयल्या दिवशी गुरुजींनी बंडल काढलं, पाटीकडं बघितलं आन सेक्रेटरीला इचारलं, "काय, चालतंय का?"

सेक्रेटरी म्हनला, "दूध कुठंय आता?"

बास. काडी पेटली. पाटी बी फार दिवस ऱ्हायली न्हाई. खोलीत टँकरच्या पान्याचा ड्रम भरून ठिवलेला असायचा, त्याला झाकन नव्हतं. पाटी काढून ड्रमावर पालथी घातली. पान्यात माती जाऊ नये म्हून.

पत्रा तापायचा आन धूर खाली उतरायचा. दुपारी मी डबा द्यायला गेलतो तर माय त्यात अशी दिसायची जशी सकाळच्या धुक्यात एस्टी दिसती, आधी दिवे आन मंग बाकीचं. मी म्हनायचो, "माय, हात वर कर, कुठं बसलीस दिसंना." सगळे हसायचे. माय बी.

त्याच उन्हाळ्यात तिची दाढ दुखायला लागली. गंमत अशी का दाढ बसल्यावर दुखायची न्हाई, चालल्यावर दुखायची. चढ आला, हंडा उचलला की जबडा धरायची, डावा खांदा चोळायची. थांबली की कमी. आमी म्हनलं, असंल, हंड्याचा ताण दाढंवर येत असंल. आता बोला! बाबा तिला केजला घेऊन गेले आन दाढ काढून आनली. बाबानं ती कागदात बांधून आनलीती. "बघ, कशी किडलीया," म्हनले. दाढ चांगली मक्याच्या दान्यावानी व्हती. चार दिवसानं माय रांगेतून पानी घेऊन निघाली आन जिथं दाढच नव्हती तिथं दुखाय लागलं. हंडा तिनं हळूच खाली ठिवला आन तिथंच बसली. सांडला न्हाई. रांगेतल्या बाया अजून त्येच सांगत्यात, 'पन हंडा न्हाई सांडला.'

मंग बीडला नेलं. छातीची पट्टी काढली, नळी घालून नसांचा शिनेमा बघितला. डॉक्टर माझ्यापेक्षा थोडाच मोठा, शांत बोलनारा. त्यानं मायला इचारलं, "विडी, तंबाखू, मिश्री?"

मायच्या तोंडावर असं काय आलं जनू तिला चोर म्हनलं. बाबा फुडं झाले. "डाक्टरसाहेब, आमी पंचशीलवाले लोक. घरात कोन दारूला शिवत न्हाई, विडीला शिवत न्हाई."

"मग तुमच्या गालात काय आहे?"

बाबांनी गाल आत घेतला. "ती तंबाखू हाय. ती आमी पेटवत न्हाई."

मला हसू आवरंना. डॉक्टर बी हसला. फुडं त्यानं चुलीचं इचारलं, आमी सांगितलं गॅस हाय. मंग म्हनला, "कामाला कुठं असता?" मायनं सांगितलं. "तिथं कोणी ओढतं का?"

आमी तिघं एकमेकाकडं बघाय लागलो. शेवटी मीच म्हनलं, "कोन वढत न्हाई ते इचारा, लवकर सांगून व्हईल."

आता डॉक्टर हसला न्हाई. त्यानं खुर्ची जवळ वढली आन मायलाच सांगितलं, बाबाला न्हाई. म्हनला, "धूर फक्त छातीत जातो असं लोकांना वाटतं. तो रक्तात उतरतो. रक्तवाहिनीला आतून एक नाजूक अस्तर असतं. काम वाढलं, चढ आला, की ते अस्तर वाहिनीला सांगतं, सैल हो, रक्त जास्त जाऊ दे. दुसऱ्याच्या विडीचा धूर थोडा वेळ जरी घेतला तरी ते अस्तर बिघडतं. वाहिनी सैल व्हायच्या ऐवजी आवळते. रक्त चिकट होतं, गुठळी धरायला टपलेलं. एक दिवसाचं भरून निघतं. पण रोज, दिवसभर, वर्षानुवर्षं झालं की आत जखमा होतात, त्यावर चरबी बसते, वाहिनी कडक होते. बाई, तुम्ही एकही विडी ओढली नाही. तुमच्या वाहिन्यांना ते माहीत नाही."

बाबा म्हनले, "म्हंजी ह्ये धुरानंच झालं?"

"फक्त धुरानंच, असं मी लिहून देणार नाही. तुमचं बीपी आहे, वय आहे. पण धूर त्यात आहे, आणि बाकीच्यापेक्षा तो बंद करणं सोपं आहे."

सोपं! मला आमच्या मोसंबीच्या रानातल्या ठिबकच्या नळ्या आठवल्या. बोअरचं खारं पानी जाऊन जाऊन आतून पांढरा थर धरलेला, उन्हानं नळी अशी कडक झालेली का वाकवली की तडकन मोडायची. बाहेरून नळी कशी, तर चांगली काळी, नवी. झाडं वाळली तवा कळलं.

एका नसंत जाळी बसवली. गोळ्या दिल्या. डॉक्टरनं दोनदा सांगितलं, धुरात बसायचं न्हाई. मायनं दोनदा मान हलवली. आन पंधरवड्यात त्याच टेबलावर जाऊन बसली. कारन त्या वर्षी आमच्या घरात दुसरं कुनी कुठं कामाला नव्हतं, आन ती जागा सोडली का परत वस्तीला मिळनार न्हाई हे तिला पक्कं ठाऊक व्हतं.

बाबा सेक्रेटरीकडं गेले. सेक्रेटरीनं सगळं ऐकून घेतलं. हातातली विडी टाकली, पायानं चेंगरली, डोळ्यात पानी आनलं. "ताईसाठी आजपासून आत काडी वढायची न्हाई. कुनीच." आन खरंच वढली न्हाई. सगळे बाहेर गेले. पन बाहेर कुठं? बाभूळ तवर शेळ्यांसाठी तोडून झाली व्हती. वैशाखाचं ऊन, सावली म्हून फक्त शटरचीच. म्हून शटरच्या तोंडाशी बसले. वारा बाहेरून आत. मंग एक पाय आत, एक पाय बाहेर. मंग गुरुजी म्हनले, मला ऊन सोसत न्हाई, मी एकटाच कोपऱ्यात बसतो, आर्धीच वढतो. आठवड्यात खोली जशीच्या तशी.

मी म्हनलं, बोलून कुनी ऐकत न्हाई तर करून दावू. एका दुपारी डबा ठिवला आन खोलीच्या मधी उभा ऱ्हायलो. डॉक्टर केला. खुर्ची वढली, चष्मा नाकावर सरकवला, "रक्तवाहिनीला आतून एक नाजूक अस्तर असतं..." तिथून सुरू केलं ते सगळं. मंग नस झालो. दोन हात गोल करून, आधी सैल, मंग आवळत आवळत. मंग रक्त झालो, त्या गोलातून वाकून जाताना अडकलो, "सरका की वो, फुडं जायचंय!" मंग मधीच सेक्रेटरीचा टॅक्टर सुरू केला. लोक लोळले. शेळ्यावाला म्हातारा रडायला लागला हसून हसून. आजवर मी केलेली सगळ्यात झ्याक नक्कल. एकेक शब्द डॉक्टरचा, काय बी गाळलं न्हाई.

हसून दमले. गुरुजींनी डोळे पुसले, "लई कलाकार हाय पोट्टं," म्हनले, आन इतकं हसल्यावर मानूस जे करतो ते केलं. बंडल काढलं. एक सेक्रेटरीला दिली. एक म्हाताऱ्याला. काडी पेटली.

मी मायकडं बघितलं. तिनं हळूच मान हलवली, न्हाई म्हून. ते न्हाई त्यास्नी नव्हतं, मला व्हतं. घरी आल्यावर बोलली, "माझ्यासाठी गावाला उनात उभं करू नको. ज्यानं मला सावलीत बसवलं त्याला मी बाहेर काढू का?"

"मंग तू मर," मी म्हनलं.

"तू त्याची बी नक्कल करशील," म्हनली आन हसली. मी बी हसलो. आमच्यात असंच बोलायची पद्धत व्हती.

ती गेली ती त्याच उन्हाळ्याच्या शेवटी, भर दुपारी, टेबलावर. पावत्यांवर पेपरवेट म्हून एक हात ठिवला व्हता, दुसऱ्या हातावर डोकं. खोलीत सात-आठ जन बसले व्हते. सगळ्यांस्नी वाटलं, बाईचा डोळा लागलाय. सेक्रेटरीनं हात करून बाकीच्यास्नी हळू बोला म्हून सांगितलं. झोपमोड व्हऊ नये म्हून म्हातारा खोकला आला तर तोंडावर उपरनं धरून खोकला. लई सांभाळलं त्यांनी तिला. मी डबा घेऊन गेलो तवा सगळ्यांनी ओठावर बोट ठिवलं. टेबलाजवळ गेल्यावर मला कळलं.

विहारात पुन्यानुमोदनाला अख्खं गाव आलतं, दूध दुसरीकडं घालनारे सुद्धा. सेक्रेटरी बोलायला उभा ऱ्हायला आन त्याच्यानं बोलवंना. विडीबिगर त्याला जमतच न्हाई. विहाराच्या मागं जाऊन दोन झुरके घेऊन आला, मंग बोलला. "ताई कवा कुनाला एका शब्दानं दुखावली न्हाई," म्हनला. खरंच व्हतं ते.

फुडच्या वर्साला पाऊस बरा झाला. छावनी उठली. ज्यास्नी जमलं त्यांनी म्हशी आनल्या. काट्यावर परत घागरी यायला लागल्या. फॅटला आता गावातलीच एक पोरगी बसती. मायचं म्हननं खोटं ठरलं न्हाई, ती आमच्या वस्तीतली न्हाई. खिडकी बंद, शटर अर्ध्यावर. ड्रमावरची पाटी सेक्रेटरीनं स्वतः उचलली, सुलटी केली, फडक्यानं पुसली आन जुन्याच खिळ्याला लावली. कडा गंजल्यात, पन अक्षरं शाबूत. पान्यावर पालथी असल्यानं धूर लागला न्हाई त्यास्नी.

परवा मी दूध घालायला गेलतो. आत गर्दी व्हती. कुनीतरी म्हनलं, "लई दिस झाले रे, एखादी नक्कल व्हऊ दे." मी गुरुजी केले, म्हातारा केला, टॅक्टर चालू केला. हसले. मंग मागून एक जन, बाहेरगावी कामाला असायचा, ती गेल्याचं त्याला म्हाईत न्हाई, म्हनला, "आन फॅटबाई?" त्याला कुनीतरी कोपर मारलं.

मी म्हनलं, करतो की. पोरीला उठवलं, टेबलापाशी बसलो. एक हात कागदांवर ठिवला, दुसऱ्यावर डोकं ठिवलं, डोळे झाकले. बास, तेवढंच व्हतं. तिला आवाजच नव्हता कसला. बराच येळ तसाच ऱ्हायलो.

कुनाला बसवंना. कोपऱ्यात काडी वढल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले. गुरुजी व्हते, विडी ओठात, काडी पेटलेली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मंग त्यांची नजर घागरींवर गेली.

"अरे, दूध हाय की," म्हनले, काडी इझवली आन वाकून बाहेर गेले.